अख्तरीची वरची रेघ

बुधवार, ८ जानेवारी २०२५. थंडी बरीच. सकाळी सात वाजता अकरा अंश. दूध उशिरा आले. दुपारी दोनला अख्तरीकडे गेले. पायलने आणलेला इंग्रजी करार तिला वाचून मराठीत समजावून सांगितला. सही कर, असे मी सुचवले. बाबूभाईंनीही तेच सांगितले. अख्तरीने सही केली नाही, कागद पायलला परत दिला. पायल सव्वाचारच्या बसने गडचिरोलीला गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. परत येताना चपलेचा अंगठा तुटला.

माझ्या डायरीत दिवसाला एकच पान असते आणि त्यात मी घडले तेवढेच लिहिते. कॉन्व्हेंटमध्ये आठवीत असताना सिस्टरने ही सवय लावली, ती एकसष्ट वर्षे सुटली नाही. पण अख्तरी एका पानात मावत नाही, म्हणून तिच्याबद्दल हे वेगळे लिहिते आहे.

बल्लारपुरात आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून ‘बाबू आर्ट्स’ नावाचे दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पाट्या, भिंती, मासळीचे गाडे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाण्याच्या टाक्या, जे काही असेल त्यावर तिथे नाव लिहून मिळते. बाबूभाई पेंटर म्हणजे अख्तरीचे यजमान. चाळीस वर्षे त्यांनी या गावाला नावे दिली. त्यांचा उजवा हात कापू लागला त्याला आता सोळा वर्षे झाली. तेव्हापासून ब्रश अख्तरीच्या हातात आहे.

ती मूळची सिरोंच्याची. तिचे वडील गोदावरीकाठी नावा आणि लॉऱ्या रंगवायचे आणि त्यांच्यावर नावे लिहायचे, बहुतेक तेलुगूत. अख्तरी पाच भावंडांत थोरली, त्यामुळे रंगाचा डबा धरायला तीच असे. अक्षरे ती आधी अशी शिकली, शाळेत नंतर गेली. तेलुगू अक्षराला वर रेघ नसते. पोट गोल, डोक्यावर छोटा तुरा, संपले. मराठी लिहायची वेळ आली तेव्हा तिने मराठीलाही तसेच लिहिले. आधी गोल पोटाची अक्षरे, कोणी जाड, कोणी बुटके, कोणी शेजाऱ्याकडे झुकलेले, आणि सगळी उभी राहिली की शेवटी एका दमात त्यांच्या डोक्यांवरून रेघ.

आपल्याकडे कुठलाही पेंटर हे असे करत नाही. बाबूभाईंची पद्धत सगळ्यांची होती. दोरीला नीळ लावायची, दोन टोकांना ताणून धरायची आणि चिमटीत उचलून सोडायची. भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते. पेंटर लोक त्याला सूत मारणे म्हणतात. त्या सुताखाली अक्षरे टांगायची. लग्न झाल्यावर नव्या बायकोने हौसेने घरातल्या पेटीवर नाव लिहिले, ते पाहून बाबूभाई पोट धरून हसले होते. “भिंती उभ्या करून मंग छत टाकतेस काय वो?” असे म्हणाले होते. अख्तरी म्हणाली होती, “तुमच्या गावात छत पहिले टाकत असन. आमच्या इथी भिंतीच पहिले.”

हात कापू लागला तेव्हा बाबूभाईंचे एका पिठाच्या गिरणीचे काम अर्धे राहिले होते. अख्तरीने शिडी लावली आणि उरलेले लिहिले. गिरणीवाला संध्याकाळी येऊन पाहतो तो ‘दळण’पर्यंत रेघ सरळ आणि ‘कांडप’वर ती चढते, वळते, उतरते. तो म्हणाला, “बाई, हे का करून ठेवलं? बाबूभाईसारखं लिहून द्या.” अख्तरीने रॉकेलचा बोळा हातात घेतला. “पुसून देतो. पन बाबूभाईसारखं बाबूभाईच लिहीन. मी लिहिलं तर हेच येईन.” गिरणीवाल्याने विचार केला आणि अर्धे राहिलेले बरे नाही म्हणून तसेच ठेवले. महिन्याभरात लोक त्या गिरणीला ‘नाचऱ्या अक्षरांची गिरणी’ म्हणू लागले.

त्याच सुमारास गावात फ्लेक्स आले. चार पेंटरांपैकी तिघांनी ब्रश सोडले. एक खाणीत सुपरवायझर झाला, दोघांनी फ्लेक्सचीच दुकाने काढली. अख्तरी टिकली, कारण फ्लेक्स जिथे चिकटत नाही तिथले सगळे काम तिच्याकडे आले. मासळीवाल्या इस्तारीच्या हातगाडीवर तिने ‘ताजी मासोळी’ लिहिले आहे. त्यातल्या ‘म’चे पोट रोहूसारखे फुगलेले आहे. इस्तारी म्हणतो, “लोक पहिले तो ‘म’ पायतात, मंग मासोळी पायतात.” झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की वडशाकडच्या एक-दोन मंडळ्या अजूनही तिच्याकडून कापडी फलक लिहून नेतात. तीस फुटांवरून वाचता आले पाहिजे आणि वाचताना हसू आले पाहिजे, एवढीच त्यांची अट.

माझी आणि तिची ओळख भांडणातून झाली. आमचे हे गेल्यावर दारावरची जुनी पाटी मी काढली आणि माझ्या नावाची करायला तिला सांगितली. ‘कुमुद वैरागडे’. पाटी आली ती पाहून मला घाम फुटला. चार रेघी वहीत अक्षर रेघेबाहेर गेले की बोटांच्या पेरांवर फुटपट्टी बसत असे, त्यातली मी. मी घरातून पट्टी आणली आणि मोजले. “अख्तरी, ‘कु’पाशी रेघ आहे त्यापेक्षा ‘डे’पाशी चार मिलिमीटर खाली आहे.”

“असन.”

“असन काय? वाकडी आहे.”

“बाई, तुमी पट्टीनं वाचता का डोयानं?”

मी बरेच बोलले, सिस्टरची फुटपट्टीही काढली. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “शाळेत पोरं लाईनीत उभी करा आन त्याईच्या डोक्यावरून हात फिरवा. हात सरळ जाईन का? उंच पोराच्या डोक्यावर उंच जाईन, बुटक्याच्या डोक्यावर खाली येईन. मी तेच करून राह्यली. तुमच्या त्या सिस्टरनं बुटक्या पोराची मान वर ओढली असती.”

पाटी मी ठेवली. आज नऊ वर्षे ती दारावर आहे.

आता पायल. ती गडचिरोलीची, एसटीतल्या एका ड्रायव्हरची मुलगी, वय असेल सत्तावीस. कॉम्प्युटरवर अक्षरांचे साचे तयार करणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीत कामाला आहे. अशा साच्याला फॉन्ट म्हणतात, हे मला ठाऊक होते. पण तो कोणीतरी बसून हाताने काढतो, हे ठाऊक नव्हते. गेल्या नोव्हेंबरात सुट्टीवर आली असताना तिने इस्तारीच्या गाडीवरचा ‘म’ पाहिला आणि विचारत विचारत अख्तरीच्या दारात उभी राहिली.

“चाची, तुमच्या अक्षराचा फॉन्ट करायचा आहे. म्हणजे कोणीही कीबोर्डवर टाइप केलं की तुमचंच अक्षर येईन. चहाच्या पुड्यावर, लग्नाच्या पत्रिकेवर, लेकरांच्या पुस्तकावर, नाटकाच्या पोस्टरवर.”

“मी नसली तरी येईन?”

“तुमी नसल्या तरी.”

अख्तरीने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी कपाटातून जुने फलक काढून अंगणात पसरले. पायलने शेकडो फोटो काढले. गावभर फिरून भिंतीही टिपल्या. आमच्या दाराची पाटीसुद्धा. अख्तरीला इतके खुशीत मी पाहिले नव्हते. ती रस्त्यात मला थांबवून म्हणे, “बाई, सोळा वर्सांत जे भिंतीवर लिहिलं ते पावसानं धुतलं नाई तर मालकानं चुना मारला. आता राहीन.”

डिसेंबरात कंपनीने नमुना पाठवला. फॉन्टचे नाव ठेवले होते ‘चुलबुली’, आणि खाली लिहिले होते की ही खेळकर, हसरी, हाताने काढलेली अक्षरशैली असून मथळ्यांसाठी आणि वेष्टनांसाठी योग्य आहे. बाबूभाई ते वाचून खोकला येईपर्यंत हसले. “ए चुलबुली, चहा टाक.”

अख्तरी हसली नाही. ती नमुना पाहत होती. पोटे तिचीच होती. ‘म’ रोहूसारखा होता, ‘ढ’ बसकण मारून बसला होता. पण वरची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ होती. सूत मारल्यासारखी.

“हे माझं नोय,” ती म्हणाली.

८ जानेवारीला पायल करार घेऊन आली ती या पार्श्वभूमीवर. करार नऊ पानी इंग्रजी होता, म्हणून मला बोलावले होते. मी एकेक कलम वाचले. मानधन बरे होते. नाव अख्तरीचेच लागणार होते. सहाव्या कलमात लिहिले होते की अक्षरांत योग्य त्या सुधारणा करण्याचा अधिकार कंपनीला राहील. अख्तरीने तिथे मला थांबवले.

“सुधारना म्हंजे रेघ सरळ करनं?”

“त्यात तेही येते.”

“मंग नाई.”

पायल खाली सतरंजीवर बसली होती, ती पुढे सरकली. “चाची, ऐकून तं घ्या. मी काऊन सरळ केली सांगतो. तुमी पूर्ण शब्द लिहिता, मंग रेघ मारता. फॉन्टमदी शब्द नसते. एकेक अक्षर सुटं असते आन त्याच्या डोक्यावर त्याच्या वाट्याची रेघ चिकटलेली असते. कोनतं अक्षर कोनाच्या बाजूले येईन ते मले मालूम नाई. मालगाडीचे डबे कसे कोनाच्याही मागं लागते? काऊन लागते? कपलिंग सगळ्याईचं एकाच उंचीवर आहे म्हून. एकाचं वर, एकाचं खाली असलं तर गाडी जुळनच नाई.”

बल्लारपुरात हे उदाहरण कोणालाही पटावे. आमच्या गावात कोळशाच्या गाड्या दिवसभर जुळत आणि सुटत असतात. मला तर लगेच पटले. मी म्हणाले, “अख्तरी, मुलगी खरे सांगते आहे. अक्षरे तुझी राहतातच. रेघेचे एवढे काय? सही कर.”

बाबूभाई खाटेवरून म्हणाले, “चाळीस वर्सं मी सुतात लिहिलं. एक कुत्रं आलं नाई विचाराले. हिले पुन्याचे लोक विचारून राह्यले तं ही भाव खाऊन राह्यली.”

“तुमाले विचारलं नाई, कारन तुमच्यासारखे सगळेच लिहित होते,” अख्तरी म्हणाली. मग ती पायलकडे वळली. “बेटा, पोटं तं कोनी बी काढीन. उद्या तो विनोद फ्लेक्सवालाही काढीन. रेघ माझी आहे. ती सरळ केली तर ते बाकीचं मी उतरून दिलेलं सामान आहे, मी नाई. नाव काई बी ठेवा, चुलबुली ठेवा, बुलबुल ठेवा. नाव तुमचं, रेघ माझी.”

“होऊच शकत नाई, चाची.”

“कपलिंग एकाच उंचीवर काऊन? दोन उंचीवर ठेव. एक वर, एक खाली.”

पायल हसली, पण हसता हसता थांबली. बोटांवर मोजू लागली. “मंग एकेका अक्षराचे चार-चार करावे लागन. खालून खाली, खालून वर, वरून वर, वरून खाली. जोडाक्षरं धरली तं हजाराच्या वर जाईन. कंपनी एवढा टाइम कोनाले देनार नाई. पंधरा तारखेले साहेब दुसरा पेंटर पाहनार आहे.”

“पाहू दे.”

कागद परत गेला. पायल रडत रडत बसस्टँडवर गेली, हे वर लिहिलेच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपलेला टाके घालून घेऊन परत येताना पाहिले, तर अख्तरी त्या विनोदच्या दुकानासमोर उभी होती. निवडणुकीचे आणि वाढदिवसाचे उतरवलेले जुने फ्लेक्स तो तिला गुंडाळ्या करून देत होता. “आज्जी, पेंटर लोक आमाले शिव्या देते आन तू फ्लेक्स नेऊन राह्यली?”

“तुझ्या फ्लेक्सची पाठ पांढरी आहे, तेवढीच कामाची आहे. पुढचं तोंड तुलेच ठेव.”

त्या पाठींवर तिने लिहायला सुरुवात केली. ‘क’ चार वेळा. ‘ख’ चार वेळा. एक रेघ खालून वर चढणारी, एक उतरणारी, एक वरच्या वर जाणारी, एक खालच्या खाली. वर आणि खाली किती अंतर ठेवायचे यावर पहिले दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ती पट्टी मागायला माझ्याकडे आली. मी तीच पट्टी दिली. बाबूभाई पहिले चार दिवस खाटेवर पाठ करून बसले. पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा ते फ्लेक्सचे टोक गुडघ्याखाली दाबून बसले होते आणि डाव्या हाताने रंग घोटत होते. “‘क्ष’ची उतरती राहून गेली तुझी,” असे तिच्यावर ओरडत होते. ‘सुरू केलं तं पुरं करा लागते’ एवढेच कारण त्यांनी मला सांगितले.

पंधरा तारीख आली आणि गेली. सतराला कंपनीच्या साहेबांचा फोन आला. फोन अख्तरीने स्पीकरवर टाकला. साहेब पुण्याचे, गोड बोलणारे.

“आजी, आम्हाला तुमच्या कामाबद्दल फार आदर आहे. पण लोकांना सहज वाचता येईल असे हवे ना?”

“साहेब, इस्तारीची गाडी बिनशाळेचा माणूसही वाचते.”

“तसे नाही. मग नाइलाजाने आम्हाला दुसरे कलाकार पाहावे लागतील.”

“पाहा. पन माझ्या अक्षरांचे फोटो पुसा पहिले. सरळ रेघेखाली माझी पोटं दिसली तं मी पुन्याले येऊन तुमच्या दारावर माझ्या हातानं तुमचं नाव लिहीन.”

ही धमकी होती की कसे, ते साहेबांना कळले नसावे. त्यांनी विचार करतो म्हणून फोन ठेवला. नंतर पायलने सांगितले की फोटो तिच्याकडे होते आणि साहेबांनी ते दुसऱ्या मुलाला द्यायला सांगितले, तेव्हा सही झाल्याशिवाय देणार नाही असे तिने कळवले. तिला त्यासाठी लेखी समज मिळाली.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला पायल रविवारची सुट्टी गाठून आली, कोणी बोलावले नसताना. अंगणात, ओट्यावर, शेजाऱ्यांच्या भिंतीवर फ्लेक्सच्या पाठी वाळत होत्या. ती मधोमध उभी राहून फिरत होती. “चाची, किती झाले?”

“अकराशे चार. ‘ङ’ नाई काढला. तो कोनी लिहीत नाई.”

“तो पन लागते.”

“मंग काढीन त्याचेही चार.”

पायलने मोबाइलवर तिथेच सात-आठ अक्षरे बसवली आणि एक शब्द जुळवून दाखवला. ‘बल्लारपूर’. रेघ ‘ब’वरून निघाली, ‘ल्ला’वर चढली, ‘र’वर उतरली. ‘र’ आणि ‘पू’ यांच्या सांध्यात बारीकसा उंचवटा दिसत होता. पायल म्हणाली, हा सांधा साहेब चूक म्हणतील.

अख्तरीने मोबाइल लांब धरून पाहिला. “शिडी हलवली की माझी रेघ इथीच तुटते आन इथूनच जुळते. राहू दे.”

पायलने हे सगळे पुण्याला नेऊन दाखवले, तेव्हा साहेबांचे नवे म्हणणे आले. चढती-उतरती रेघ घेऊ, पण ती जास्तीची सोय म्हणून. मुळात सरळ, आणि कोणाला हवी असेल तर बटण दाबून नाचरी. पायलला हे चांगले वाटले. मलाही, खरे सांगते, क्षणभर चांगले वाटले. अख्तरी म्हणाली, “बटन कोनी दाबत नाई. माझ्या मोबाइलात किती बटनं आहे, मी दाबतो का?”

मी घरी आले आणि चार रेघी वहीच्या अक्षरात, सिस्टरांनी शिकवलेल्या इंग्रजीत, सहाव्या कलमाच्या जागी एक कलम लिहिले. वरची रेघ अख्तरीने काढली आहे तशीच राहील, सरळ रेघेची आवृत्ती कंपनी काढणार नाही, विकणार नाही आणि दुसऱ्या कोणाला काढू देणार नाही, असा त्याचा अर्थ. तीनदा वाचले. अख्तरीला मराठीत सांगितले. ती म्हणाली, “सांध्याचंही टाका.” सांध्याचेही टाकले.

साहेबांनी मला फोन केला. म्हणाले, “मॅडम, असे कलम कुठल्याही करारात नसते.”

मी म्हणाले, “या करारात आहे. त्यात भाषेची चूक असेल तर सांगा, दुरुस्त करते. बाकी काही दुरुस्त करणार नाही.”

भाषेची चूक त्यांना सापडली नाही. दहा दिवस काही कळवले नाही. त्या दहा दिवसांत अख्तरीने नागभीडकडच्या एका शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, फलक लिहिला, इस्तारीची गाडी नव्याने रंगवली आणि करार हा शब्द तोंडातून काढला नाही. बाबूभाईच दर दुपारी मला विचारत, “आला का जी बाई, पुन्याचा कागद?” आणि मी नाही म्हटले की ते अख्तरीकडे पाहून म्हणत, “नाई आला तं नाई आला. आपली रेघ काई कोनाच्या बापाची नाई.” आपली म्हणत, हे मी नोंदवून ठेवले आहे.

गुरुवार, २७ फेब्रुवारी २०२५. दुपारी कुरियर आले. सहावे कलम माझ्या शब्दांत छापलेले होते. मी नऊही पाने पुन्हा वाचली, कारण एका ठिकाणी बदलले म्हणजे दुसरीकडे घुसवले नसेल असे नाही. घुसवले नव्हते. अख्तरीने खाटेच्या कडेला बसून माझ्या पेनने नऊ ठिकाणी सही केली. ब्रश धरणाऱ्या बाईचे पेनचे अक्षर फारच साधे निघाले, शाळेच्या पहिल्या यत्तेतल्यासारखे. बाबूभाई ते पाहून काही बोलणार होते. तिने नुसते त्यांच्याकडे पाहिले. सही झाल्यावर ती म्हणाली, “आता छापा म्हना जे छापायचं ते,” आणि दारात थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्याची ट्रॉली पाहायला उठून गेली. मी पावणेसहाला घरी आले. लाखोळीची डाळ निवडून डब्यात भरली, पावणेदोन किलो भरली.